नोकरी, लहान मूल आणि पेंटिंग: या चुका टाळा

नोकरी करून आणि मूल सांभाळून पेंटिंग करणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच, वेळच मिळत नाही. वेळ कमी असतो हे खरंय, त्यात वाद नाही, पण जो अर्धा-पाऊण तास मिळतो त्यातला निम्मा सामान काढण्यात, मागच्या वेळी हा हिरवा कशात काय मिसळून केला होता ते आठवण्यात आणि शेवटी आवरण्यात जातो, आणि प्रत्यक्ष ब्रश चालतो पंधरा-वीस मिनिटं. म्हणून माझं म्हणणं असं की वेळ वाढवण्याच्या मागे लागण्यापेक्षा आपलं काम असं करून घ्या की ते कुठल्याही क्षणी सोडता येईल आणि कुठल्याही क्षणी परत उचलता येईल. खालच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

सुट्टीच्या दिवसाची वाट बघत बसणं

"आठवडाभर राहू दे, रविवारी निवांत चार तास बसतो" हे ठरवायला छान वाटतं. पण रविवारी मुलाला ताप येतो, नाहीतर ऑफिसचं काहीतरी राहिलेलं असतं, आणि मग दोन-तीन आठवडे ब्रशला हातच लागत नाही. इतक्या गॅपनंतर बसलं की पहिला तास हात मोकळा होण्यातच जातो, चित्र मनासारखं होत नाही आणि चिडचिड वाढते. त्यापेक्षा आठवड्यात तीन-चार वेळा अर्धा-अर्धा तास कितीतरी चांगला, कारण चित्र डोक्यात चालू राहतं. मीटिंगला जाताना, मुलाला आंघोळ घालताना मागे कुठेतरी विचार सुरू असतो की ती सावली जरा जास्तच गार, म्हणजे निळसर झालीय.

इंग्लंडमधल्या कारखान्यांची आणि गर्दीची चित्रं काढणारे एल. एस. लाउरी मँचेस्टरला एका प्रॉपर्टी कंपनीत भाडेवसुलीचं काम करायचे, १९५२ साली रिटायर होईपर्यंत. त्यांना मुलं नव्हती, पण अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं ते बघायचे आणि ती झोपली की रात्री पेंटिंगला बसायचे. रंग जेमतेम पाच: व्हर्मिलियन, आयव्हरी ब्लॅक, प्रशियन ब्लू, यलो ऑकर आणि फ्लेक व्हाईट. हा फ्लेक व्हाईट शिशाचा असतो, घरात मूल असेल तर त्याच्या जागी टायटेनियम व्हाईट घ्या. पण पाच रंगांवर काम करण्याची गोष्ट मात्र जरूर उचला, ट्यूबा कमी असल्या की मांडायला आणि आवरायला मिनिटं लागतात.

आपल्या दिवसाला न जुळणारं माध्यम

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. मूल रात्री तीनदा उठणारं आणि आपण मोठ्या कॅनव्हासवर ऑइल घेऊन बसलोय, असं कसं चालेल?

ऑइलचा फायदा म्हणजे रंग लगेच वाळत नाही, मधेच उठावं लागलं तरी परत आल्यावर तो ओलाच असतो. पण सगळे रंग सारख्या वेगाने वाळत नाहीत. अंबर हा तपकिरी रंग एक-दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो, आयव्हरी ब्लॅक किंवा कॅडमियम रेड आठवडाभर ओला राहू शकतो, त्यामुळे दोन दिवसांनी परत बसलात तर अर्धं चित्र कोरडं आणि अर्धं चिकट. पहिल्या थरात अंबरसारखे लवकर वाळणारे रंग पातळ लावले आणि तेलाचं प्रमाण वरवरच्या थरात वाढवत नेलं तर हा त्रास बराच कमी होतो, शिवाय पुढे चित्राला तडे जायची भीतीही कमी.

ॲक्रिलिकचं उलट. पातळ थर काही मिनिटांत वाळतो म्हणून झटपट थर चढवता येतात, पण तुम्ही मुलाला थोपटून येईपर्यंत पॅलेटवरचा रंगही गेलेला असतो. यावर ओलं पॅलेट हा साधा उपाय आहे: झाकणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगला वापरतात तो पार्चमेंट पेपर, आणि रंग त्या कागदावर. झाकण लावलं की रंग काही दिवस टिकतो. पाणी मात्र बदलत राहा, नाहीतर बुरशी येते.

पण मूल अगदी तान्हं असेल तर मी स्पष्टपणे वॉटरकलर नाहीतर गॉश (म्हणजे अपारदर्शक वॉटरकलर) हेच सुचवेन. वाळलेला रंग पाण्याने परत जागा होतो, वास नाही, आणि उठताना फक्त ब्रश धुवायचा. दोन-तीन वर्षं असं छोट्या कागदांवर काम केलं म्हणून कोणी कमी पेंटर होत नाही.

काहीच न लिहून ठेवता उठणं

हाक आली की आपण ब्रश पाण्यात टाकून पळतो, आणि चार दिवसांनी चित्रासमोर उभं राहिलं की पुढे काय करायचं होतं तेच आठवत नाही. कॅनव्हासच्या मागे मास्किंग टेपची एक पट्टी चिकटवून ठेवा आणि उठायच्या आधी अर्ध्या मिनिटात खरडा: "आकाश अल्ट्रामरीन + पांढरा + किंचित बर्न्ट सिएना. पुढे डाव्या भिंतीची सावली, कडा मऊ." बाजूला त्याच रंगाचा एक फटकारा मारा, कारण मिश्रण शब्दांवरून पुरतं कळत नाही. आणि शक्यतो जे सोपं आहे, जमणारच आहे असं थोडंसं काम मुद्दाम शिल्लक ठेवून उठा, परत बसल्यावर तिथूनच हात सुरू होतो.

रात्री पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवणं

मूल झोपल्यावर काम करणाऱ्यांची ही नेहमीची अडचण. पिवळसर दिव्यात पिवळा रंग पांढऱ्यासारखा दिसतो आणि निळे मळकट, मग आपण नको तितका पिवळा ओततो आणि सकाळी चित्र भलतंच दिसतं. ५००० केल्विनच्या आसपासचा (म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारा), सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा एलईडी लावा आणि तोच उजेड कॅनव्हास आणि पॅलेट दोन्हीवर पडेल असं बघा. तरीही रंगाचे मोठे निर्णय दिवसा घ्या, रात्री ड्रॉइंग, टोन (कुठे फिकट, कुठे गडद), कडा, पार्श्वभूमी अशी कामं करा.

मूल घरात आहे हे सामान ठेवताना विसरणं

यात अजिबात सूट घेऊ नका. ऑइल रंग पातळ करायचं टर्पेंटाईन किंवा थिनर पाण्याच्या बाटलीत कधीच ओतून ठेवायचा नाही, मूळ डब्यात, कुलपात, उंचावर. मुलाने चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं, ताबडतोब डॉक्टर गाठा. ऑइल रंगात असतं त्या जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते तेल हवेशी संयोग होताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. कॅडमियमचे रंग वाळल्यावर घासू नका, ती धूळ वाईट. आणि घरात एकच खोली असेल तर टर्पेंटाईन सोडाच, पाण्यात मिसळणारे ऑइल मिळतात, ब्रश साबणाने निघतो.

मुलाला शेजारी बसवायचं असेल तर त्याचे धुतले जाणारे रंग, त्याचा कागद वेगळा द्या, आणि त्या वेळेत आपलं नाजूक काम काढू नका, स्केचबुक घ्या. फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिसोने मुलगी झाल्यावर तिलाच विषय केलं, ही ज्युली अगदी लहान असल्यापासून आईच्या चित्रांत दिसते. मूल स्थिर बसत नाही, त्यामुळे दोन मिनिटांत पोझ पकडायची सवय लागते, हा मोठा फायदा आहे.

"बघू, जमलं तर" वर घर चालवणं

जोडीदाराला नक्की दिवस आणि वेळ सांगा, मंगळवार-गुरुवार नऊ ते दहा असं, आणि तितकाच मोकळा वेळ त्यांनाही द्या. रोज नव्याने परवानगी मागितल्यासारखं झालं की दोघंही थकतात. ऑर्डर घेत असाल तर अंदाजाच्या दुप्पट मुदत सांगा, मुलं आजारी पडतातच.

अडलंच तर

ओल्या ऑइलवर मुलाचा हात फिरला: पुसत बसू नका, रंग अजून पसरतो. पॅलेट नाइफने तेवढा भाग खरवडून घ्या, मऊ कापडाने टिपा आणि परत रंगवा.

ॲक्रिलिकवर मेणाच्या खडूने रेघोट्या: मेणावर रंग धरत नाही, त्यामुळे वरून लगेच रंगवू नका, आधी मेण अलगद खरवडून काढा.

ब्रशवर ॲक्रिलिक सुकलं: गरम पाणी आणि साबण आधी करून बघा, पण पूर्ण कडक झाला असेल तर तो पोत काढायला ठेवा आणि पुढच्या वेळी घाईत उठताना ब्रश निदान पाण्यात आडवा टाका, उभा ठेवला तर केस वाकतात.

कित्येक महिने काहीच झालं नाही: अर्धवट राहिलेलं मोठं चित्र आधी काढू नका. तळहाताएवढा बोर्ड, एक गडद रंग आणि पांढरा, टेबलावरची कुठलीही वस्तू, इतकंच. ट्यूबची झाकणं घट्ट बसलेली असणारच, ती थोडा वेळ गरम पाण्यात धरा, जोर लावून पिळलं तर ट्यूबच फाटते.