गरवण्यासाठी शिशाची वजने घरी ओतताना

कातळावरून गरवणाऱ्याचे, म्हणजे गळ टाकून मासे पकडणाऱ्याचे, दोरीला वजन म्हणून बांधलेले शिसे कपारीत अडकून वरचेवर तुटते, आणि दर वेळी नवे विकत आणणे परवडत नाही, म्हणून ते घरीच ओतावे असे अनेकांना वाटते. काम अवघड नाही, कारण शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि साध्या शेगडीवर तेवढी धग सहज मिळते. मात्र त्यात पाणी आणि शिशाचे विष असे दोन धोके आहेत, आणि नवखा माणूस ज्या जाळाला भितो तो या दोहोंपुढे किरकोळच म्हणायचा.

पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशाखाली सापडला की त्याची क्षणात वाफ होते, ती सोळाशेपट जागा मागते आणि तापलेले शिसे तोंडावर उडवते. म्हणून पावसाळ्यात उघड्यावर हे काम करूच नये. साचा, पळी आणि शिशाचा प्रत्येक तुकडा आधी शेगडीच्या कडेला तापवून घ्यावा. वितळलेल्या शिशात थंड, दमट तुकडा टाकणे हेच बहुतेक अपघातांचे मूळ असते. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा हाताला कोरडा लागला तरी आत पाणी धरून असतो, त्यामुळे नवख्याने लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा दोन भागांत उघडणारा साचा करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वर ओतण्यासाठी नरसाळ्यासारखे तोंड आणि कडेला हवा निघण्यापुरत्या बारीक खाचा त्यात असाव्यात.

भंगारवाल्याकडून जुन्या नळांचे किंवा केबलवरच्या आवरणाचे मऊ शिसे घ्यावे. बॅटरीच्या पट्ट्यांना हात लावू नये, कारण त्यांत आम्ल असते आणि त्यांतील मिश्रणातून विषारी वायू निघू शकतात. गाडीच्या चाकाची हल्लीची वजने पुष्कळदा जस्ताची असतात. जस्त मिसळले की शिसे साच्यात नीट भरत नाही. एक किलो शिसे जेमतेम 88 घनसेंटिमीटर जागा घेते, तेव्हा लहान बिडाची कढई पुरते, पण ती पुन्हा स्वयंपाकात कधीही वापरायची नाही.

शेगडी घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ येईल अशी मांडावी. अंगात सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत चामड्याचे बूट, हातांत चामड्याचे मोजे आणि डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा हवा. शिसे वितळल्यावर मेणाचा लहान खडा टाकून कोरड्या काठीने ढवळले की मळ वर येतो. मेण भडकते, म्हणून तोंड लांब ठेवावे आणि मळ अलगद काढून घ्यावा. पृष्ठभागावर सोनेरी-जांभळी झाक दिसू लागली तर शिसे जास्त तापले आहे असे समजून आच कमी करावी. साच्याच्या आतून मेणबत्तीची काजळी धरावी आणि दोरी ओवायच्या भोकासाठी काजळी धरलेला सायकलचा स्पोक आडवा बसवावा. मग लांब दांड्याच्या पळीने एकाच सलग धारेत तोंड भरेपर्यंत ओतावे, आणि वरची चकाकी मावळून शिसे घट्ट झाल्यावरच साचा उघडावा. पहिली काही वजने सुरकुतलेली निघतील, कारण साचा अजून थंड असतो. ती परत कढईत टाकावीत. कडेचा फाटा, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेले जादा शिसे, चाकूने छाटावा, कानस लावू नये, कारण तिचा भुगा श्वासातून आणि बोटांवाटे पोटात जातो.

मुले आणि गरोदर स्त्रिया यांना जवळपास फिरकू देऊ नये, काम चालू असताना खाणे, चहा, विडी काहीही नको, आणि नंतर साबणाने हात धुऊन कपडे वेगळे धुवावेत. अगदी बारीक, दाण्याएवढी शिसे मात्र ओतू नयेत, कारण पाणपक्षी ती खडे समजून गिळतात. ब्रिटनने हंस मरू लागल्यामुळे 1987 पासून लहान शिशांवर बंदी घातली. काढलेला मळ सर्वांत घातक असतो. तो झाकणाच्या डब्यात साठवून शिसे घेणाऱ्या भंगारवाल्याला द्यावा, विहिरीजवळ किंवा परसात टाकू नये.