आकाशवाणीवर आंतरराष्ट्रीय विषयाचं भाषण: नवोदितांसाठी

दहा मिनिटांच्या भाषणाला साधारण ११०० शब्द पुरतात. विषय परराष्ट्र धोरणाचा असेल तर हजारातच थांबा, कारण परदेशी नावं आणि आकडे सावकाशच वाचावे लागतात. जास्त मजकूर आणला की वाचताना घाई होते किंवा शेवट कापला जातो, आणि निष्कर्ष बहुधा शेवटीच असतो.

विषय प्रश्नाच्या रूपात मांडा. ‘पश्चिम आशियातील परिस्थिती’ दहा मिनिटांत मावत नाही. ‘होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तर आपल्या गॅस सिलिंडरचं काय?’ हा प्रश्न मावतो. भारत आयात करतो त्यातला बहुतेक स्वयंपाकाचा गॅस इराण आणि ओमान यांच्यामधल्या याच समुद्री वाटेनं येतो. ही वाट सर्वांत अरुंद जागी ४० किलोमीटरही रुंद नाही आणि मोठ्या जहाजांच्या जाण्या-येण्याच्या मार्गिका जेमतेम दोन-दोन सागरी मैलांच्या आहेत. आखातात नोकरीला असलेली किंवा मालवाहू जहाजांवर काम करणारी माणसं कोकणात कित्येक घरांत आहेत. त्या घरांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही.

सर्वाधिक चुका संयुक्त राष्ट्रांबद्दल होतात. ‘संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला’ एवढ्यानं काहीच कळत नाही. ठराव सुरक्षा परिषदेचा की सर्व सदस्य देशांच्या आमसभेचा, ते आधी सांगा. परिषदेत १५ सदस्य. ठरावाला किमान ९ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणाचाही नकाराधिकार नको. युक्रेनचंच पाहा. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी परिषदेत रशियाच्या आक्रमणाविरुद्धच्या ठरावाच्या बाजूनं ११ मतं पडली, भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले, तरी रशियाच्या एका नकारानं ठराव पडला. २ मार्चला आमसभेत तशाच आशयाचा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला, ३५ देश तटस्थ राहिले. पण आमसभेचा असा ठराव कुणावर बंधनकारक नसतो. एवढं नीट सांगितलं तरी श्रोत्याला पुढच्या कित्येक बातम्या कळू लागतात.

आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत मित्रराष्ट्रांवरील टीकेला मनाई आहे. पण म्हणून विषय बोथट करू नका, विशेषणं काढा. ‘आक्रमक शेजारी’ऐवजी कोणत्या तारखेला कुणाचं सैन्य कुठं आलं ते सांगा आणि आरोप कुणी केला त्याचं नाव घ्या. अशा वाक्यांवर निर्मात्याची लाल रेघ क्वचितच येते, आणि ती अधिक परिणामही करतात.

भाषणाचा मजकूर कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात घ्या. पिना काढा, पान उलटल्याचा आवाज मायक्रोफोन हमखास पकडतो. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर नेऊ नका. आकडे अक्षरी लिहा, नाहीतर एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत जीभ अडखळते. ‘अनुक्रमे’ आणि ‘वर उल्लेखिलेले’ पूर्ण टाळा, ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. अवतरणचिन्हंही ऐकू येत नाहीत, म्हणून ‘त्यांचं म्हणणं असं’ हे शब्द लिहाच.

ध्वनिमुद्रण आणि प्रसारण यांत काही दिवस जातात. ‘काल’, ‘उद्या’ याऐवजी तारीख द्या. बदलू शकणारा परिच्छेद स्वतंत्र पानावर ठेवा, म्हणजे मधल्या काळात युद्धविराम झालाच तर तेवढंच पान नव्यानं ध्वनिमुद्रित करता येतं.