लिनक्सवर क्यूजीआयएस टाकताना

इंदूरमध्ये भूगोल, स्थापत्य किंवा नगरनियोजन शिकणारी जी मराठी मुले नकाशाचे काम शिकायला येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट असते आणि क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर कुठून घ्यावे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली मिळते, त्यामुळे पैशाची अडचण नसते. अडचण येते ती पॅकेज कुठून आणायचे हे ठरवताना.

उबुंटूच्या स्वतःच्या रेपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यात, क्यूजीआयएस असतेच, मात्र ते उबुंटूची ती आवृत्ती निघाली त्या वेळचे असते: 22.04 मध्ये 3.22, तर 24.04 मध्ये 3.34. नुसती ओळख करून घ्यायची असेल, तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्यूजीआयएस’ एवढी आज्ञा पुरते (ॲप्ट म्हणजे पॅकेज आणून बसवणारा प्रोग्राम). प्रबंध किंवा नोकरीचे काम करणाऱ्याने मात्र क्यूजीआयएस प्रकल्पाच्या अधिकृत रेपॉझिटरीतून एलटीआर, म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. साधी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी बदलते आणि ऐन सबमिशनच्या आठवड्यात एखादा प्लगइन रुसून बसला, तर हातात काही उरत नाही.

त्यासाठी आधी रेपॉझिटरीची सही-किल्ली (पॅकेज अस्सल आहे का, हे पडताळणारी फाइल) ‘कीरिंग्ज’ फोल्डरमध्ये ठेवावी लागते आणि मग पॅकेज कुठून आणायचे हे ॲप्टला सांगणारी सोर्सेसची फाइल लिहावी लागते. या फाइलमधील ‘सूट्स’ ही ओळ नीट पाहावी. तिथे उबुंटूचे सांकेतिक नाव लागते: 22.04 साठी जॅमी, 24.04 साठी नोबल. मिंट 22 वापरणारा विद्यार्थी साहजिकच तिथे ‘विल्मा’ लिहितो आणि ‘ॲप्ट अपडेट’ देताच ‘रिलीज फाइल नाही’ असे उत्तर मिळते, कारण विल्मा हे मिंटचे नाव आहे आणि त्याखालचे उबुंटू नोबल आहे. ‘ओएस-रिलीज’ या फाइलमध्ये उबुंटूचे नाव वेगळ्या ओळीत दिलेले असते, तेच उचलावे.

दुसरे पथ्य असे की, रेपॉझिटरी एकच ठेवावी. क्यूजीआयएस जीडॅल (नकाशाच्या फाइली वाचणारी) आणि प्रोज (निर्देशांक बदलणारी) या लायब्ररींवर उभे असते. उबुंटूजीआयएसचा पीपीए, म्हणजे बाहेरची वेगळी रेपॉझिटरी, आधीच जोडलेला असेल, तर दोन ठिकाणच्या जीडॅलची सरमिसळ होते आणि ॲप्ट तुटलेल्या पॅकेजांची तक्रार करू लागते. सॉफ्टवेअर त्याच्या लायब्ररींसह वेगळे बसवणाऱ्या फ्लॅटपॅकने हा गुंता टळतो खरा, पण त्यात बाहेरच्या पायथन लायब्ररी जोडणे किचकट असल्यामुळे मी तो नवशिक्यांना सुचवत नाही. कॉन्डा (स्वतःचे वेगळे पायथन बसवणारे साधन) वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, ॲप्टने आलेले क्यूजीआयएसचे मॉड्यूल सिस्टिमच्या पायथनसाठी असते; कॉन्डाच्या पायथनला ते सापडत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचा थर उघडून इंदूरच्या राजवाड्यावर एक बिंदू टाकावा आणि त्याभोवती पाचशे मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतरापर्यंतचा घेर, काढून पाहावा. बिंदूचा थर ईपीएसजी 4326 मध्ये (अक्षांश-रेखांशाच्या निर्देशांक पद्धतीचा हा क्रमांक) असेल, तर बफरचे एकक अंश दिसेल, मीटर नव्हे. इंदूरसाठी तो थर ईपीएसजी 32643, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या 43 व्या उत्तर पट्ट्यात, न्यावा लागतो. हाच क्रमांक ग्वाल्हेरच्या कामाला मात्र लावू नये: ते शहर 78 अंश रेखावृत्ताच्या किंचित पूर्वेला असल्याने 44 व्या पट्ट्यात येते आणि तिथे 32644 निवडावा लागतो.