प्रदेश डावीकडून उजवीकडे झुकला, हे कसे पडताळावे?

एखाद्या राज्यात डाव्यांची सत्ता जाऊन उजवा पक्ष निवडून आला की निकालाच्या संध्याकाळीच ‘राज्याने कूस बदलली’ असे जाहीर होते. मतदाराचे विचार खरोखर बदलले का, हे ठरवायला मात्र त्या संध्याकाळचे आकडे पुरत नाहीत. ज्यांना आपल्या भागाचे राजकारण मनापासून समजून घ्यायचे आहे, त्यांनी काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे, ते पुढे दिले आहे.

प्रथम जागा बाजूला ठेवून मतांची टक्केवारी पाहावी. केरळमध्ये २०११ साली काँग्रेसप्रणीत संयुक्त लोकशाही आघाडीला ७२ आणि डाव्या आघाडीला ६८ जागा मिळून सत्तापालट झाला, तेव्हा दोघांच्या मतांमधील अंतर एक टक्क्याहूनही कमी होते. एवढ्या अंतरावर कोणताही वैचारिक निष्कर्ष उभा राहत नाही.

त्यानंतर जिंकणाऱ्याची वाढीव मते कोणाकडून आली, याचा शोध घ्यावा. माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यायला हवा. त्रिपुरात सलग २५ वर्षांची डावी सत्ता २०१८ मध्ये संपली आणि भाजप दीड टक्क्यावरून सुमारे ४३ टक्क्यांवर गेला. डाव्यांमधील प्रमुख असलेल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची मते मात्र ४८ वरून ४२ टक्क्यांपर्यंतच उतरली. कोसळली ती काँग्रेसची, ३६ टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्याही खाली. म्हणजे तिथे मुख्यतः डाव्यांच्या विरोधातील मतांनी घर बदलले. पश्चिम बंगालची गोष्ट अगदी निराळी आहे. २०१४ च्या लोकसभेला डाव्या आघाडीकडे सुमारे ३० टक्के मते होती, ती २०१९ मध्ये साडेसात टक्क्यांच्या आसपास आली, आणि त्याच काळात भाजप १७ वरून ४० टक्क्यांवर पोहोचला. तरीही ‘डाव्यांची २२ टक्के मते थेट भाजपला गेली’ असे लिहिण्याची घाई करू नये, कारण तिथे तेव्हा सत्तेवर असलेल्या तृणमूल काँग्रेसची मतेही या काळात सुमारे चार टक्क्यांनी वाढली होती. काही डावे मतदार तृणमूलकडे आणि तृणमूलचे काही भाजपकडे गेले असले, तरी बेरीज हीच येते. लोकसभेची तुलना लोकसभेशी आणि विधानसभेची विधानसभेशीच करावी, हे पथ्य इथे फार महत्त्वाचे आहे.

बेरजेमागचे खरे चित्र पाहण्यासाठी केंद्रनिहाय मतांचा तक्ता, म्हणजे ‘फॉर्म २०’, वाचावा. तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. दोन निवडणुकांमध्ये मतदान केंद्रांचे क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांक न जुळवता शाळेचे किंवा वस्तीचे नाव जुळवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून केलेले विश्लेषण बहुतेक वेळा अंदाजावरच चालते.

मते कुठून कुठे गेली हे कळल्यावर ती का गेली, हे विचारावे. बंगालमध्ये २०१८ च्या पंचायत निवडणुकीत सुमारे एक तृतीयांश जागा बिनविरोध ठरल्या. गावपातळीवर आपला पक्ष आपल्याला वाचवू शकत नाही असे ज्या डाव्या कार्यकर्त्याला वाटले, त्याने संरक्षणासाठी भाजपचा झेंडा धरला; ‘आगे राम, पोरे बाम’, म्हणजे आधी राम, नंतर डावे, ही तिथली घोषणा हेच सांगते.

आपल्याकडचे याहून बोलके उदाहरण गिरणगावाचे आहे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत कम्युनिस्ट नेते कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले, तेव्हा कामगाराचा प्रश्न आणि मराठीचा प्रश्न एकाच व्यासपीठावरून मांडला जात होता. १९६० मध्ये राज्य मिळाले, समिती विस्कटली, आणि मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न १९६६ पासून शिवसेनेने उचलला. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या हत्येनंतर १९७० मध्ये परळला झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले, तेही दोन हजारांहून कमी मताधिक्याने. पुढे १९८२ चा गिरणी कामगारांचा संप झाला, १९८४ च्या काँग्रेस लाटेतही संपाचे नेते दत्ता सामंत याच भागातून लोकसभेवर गेले, आणि १९८५ मध्ये मुंबई महापालिका शिवसेनेकडे आली. एवढ्या थोड्या काळात माणसांच्या श्रद्धा इतक्या वेळा बदलत नसतात. त्या त्या वेळी आपला प्रश्न कोण हाती घेतो, हे पाहून हा मतदार मत देत होता.

म्हणूनच ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द वापरताना आर्थिक बाजू आणि धर्म-अस्मितेची बाजू वेगवेगळी नोंदवावी. महायुती सरकारने २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिन्याला १५०० रुपये देणे सुरू केले. धर्माच्या प्रश्नावर उजवीकडे असलेले सरकार खर्चाच्या बाबतीत उजवीकडेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

सरावासाठी डहाणू घ्यावे. २०२४ मध्ये पालघर लोकसभा भाजपने जिंकली आणि काही महिन्यांतच त्या मतदारसंघातील डहाणू विधानसभेची जागा मार्क्सवादी पक्षाच्या विनोद निकोले यांनी राखली. लोकसभेला तिथे मार्क्सवादी पक्षाचा उमेदवार नव्हता; म्हणून इथे वरचे पथ्य मोडून वाढ-घट मोजायची नाही, तर त्या पक्षाची मते लोकसभेला कुठे गेली असावीत हे पाहायचे आहे, हे ध्यानात ठेवून दोन्ही निवडणुकांचे फॉर्म २० शेजारी मांडावेत आणि तलासरीच्या पाड्यांपासून वाचायला सुरुवात करावी.