स्फोट आणि वादळ, दोन्हींसाठी जुनी इमारत मजबूत करताना

इमारत मजबूत करायची म्हटलं की मालकांच्या डोळ्यांपुढे जाड भिंती येतात. मी आधी साइट प्लॅन मागतो आणि अनोळखी गाडी इमारतीच्या किती जवळ येऊ शकते ते मोजतो. मोकळं अंतर दुप्पट केलं, तर आठपट स्फोटकाचाही कमाल दाब भिंतीवर पूर्वीइतकाच येतो. तो दुप्पट वेळ टिकतो, एवढं डिझाइनमध्ये धरायचं. त्यामुळे पार्किंग मागे सरकवणं आणि जमिनीत खोल रोवलेले बोलार्ड (गाडी अडवणारे ठेंगणे खांब) लावणं, याहून स्वस्त मजबुती माझ्या माहितीत नाही.

मग खिडक्या. इथे घाई नको, कारण स्फोटात जखमी होणाऱ्यांपैकी पुष्कळ जण काचेनेच जखमी होतात. २०२० च्या बैरूत स्फोटात तेच झालं. साध्या काचेचे सुरे होतात. टफन काचेचे बारीक तुकडे होतात, पण तेही वेगाने आत येतातच. लॅमिनेटेड काच घ्या: तडकली तरी मधल्या प्लास्टिकच्या थराला चिकटून राहते. मात्र जुन्या अॅल्युमिनियमच्या चौकटीत नवी काच बसवून मोकळे होऊ नका. चौकट प्लास्टरमध्ये दोन स्क्रूंवर उभी असेल, तर अख्खी खिडकी एकसंध उडून खोलीत येईल. काचेची कड चौकटीत खोलवर, स्ट्रक्चरल सिलिकॉनने (भार पेलणाऱ्या लवचिक चिकटद्रव्याने) धरलेली हवी आणि चौकटीचे अँकर, म्हणजे पकडून ठेवणारे बोल्ट, थेट काँक्रीटमध्ये हवेत. उतरंड अशी ठेवा: आधी काच हरावी, मग चौकट, भिंत सगळ्यात शेवटी.

वादळातही खेळ खिडकीपासूनच सुरू होतो. वाऱ्याकडची एक काच फुटली की वारा आत शिरून छताला खालून ढकलतो, वरून तर छत ओढलं जात असतंच. १९९२ मध्ये फ्लोरिडात अँड्र्यू वादळाने अशी कितीतरी छपरं उडवली. स्फोटाचा दाब काही मिलिसेकंदांचा, वादळ मात्र तासन्‌तास हलवत राहतं. म्हणून वादळी काचेच्या चाचणीत सुमारे ४ किलोची लाकडी फळी सेकंदाला १५ मीटर वेगाने मारतात आणि नंतर हजारो वेळा दाब-ओढ देतात. पुरवठादाराकडून स्फोटाच्या आणि वादळाच्या, दोन्ही चाचण्यांची प्रमाणपत्रं मागा. एकावरून दुसरी गृहीत धरू नका.

सांगाड्यात मी शोधतो ती जागा म्हणजे खाली मोकळा हॉल आणि वरचे कॉलम एका बीमवर. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीची सरकारी इमारत १९९५ मध्ये ट्रक-बॉम्बने पडली तेव्हा दर्शनी बाजूला असाच बीम होता. खालचे मोजके कॉलम गेले आणि सुमारे अर्धी इमारत खाली आली. १६८ माणसं गेली. असे कॉलम पोलादी किंवा कार्बन फायबरच्या जॅकेटने आवळून घ्या. आवळण्याने काय होतं ते २००१ मध्ये पेंटागॉनवर विमान आदळलं तेव्हा दिसलं. तिथल्या बऱ्याच कॉलमचं बाहेरचं काँक्रीट झडलं, पण गोल फिरवलेल्या रिंगांच्या आतला गाभा वजन धरून राहिला.

स्लॅब विसरू नका. तो खाली वाकेल या हिशेबाने सळया टाकलेल्या असतात, स्फोट त्याला वर उचलतो. मधल्या भागात वरच्या अंगाला सळया नसतील तर तिथे फायबरच्या पट्ट्या चिकटवा.

जोडांसाठी मात्र लंडनचा रोनन पॉइंट आठवा. १९६८ मध्ये २२ मजली टॉवरच्या अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक भिंत बाहेर फेकली गेली आणि वरपासून खालपर्यंत इमारतीचा अख्खा कोपरा कोसळला. स्फोट काही फार मोठा नव्हता. शेगडी पेटवणारी बाई स्वतः वाचली. चौकशीत निघालं की जोरदार वाऱ्यानेही हेच होऊ शकलं असतं. पुढे इमारत उतरवताना पॅनेलांच्या सांध्यांत पोकळ्या सापडल्या. स्फोट आणि वारा या दोन वेगळ्या फायली आहेत असं म्हणणाऱ्या सल्लागाराला मी हाच दाखला देतो. छत ते भिंत, भिंत ते स्लॅब, स्लॅब ते पाया, ही साखळी नकाशावर बोट फिरवून तपासा. जिथे बोट अडेल तिथे पट्टी किंवा बोल्ट हवा.

वीट-पॅनेलच्या भिंतींना आतून पॉलियुरिया (रबरासारखा लवचिक थर) फवारला तर विटा फुटल्या तरी आत उडत नाहीत. भिंती जाड करण्याआधी भूकंपाचा हिशेब बघा. वाढलेलं वजन तिथे वैरी ठरतं.

काम संपल्यावर काही अँकर निवडून ओढ-चाचणी करून घ्या, आणि कुठले निवडायचे ते ठेकेदाराला ठरवू देऊ नका.