पाटी दिसली की आधी दोन पावलं मागे

प्रवासातल्या विचित्र पाट्यांचे फोटो सगळेच काढतात. त्यातले बहुतेक एकदा हसवतात आणि संपतात, कारण फोटोत फक्त पाटी असते. चारही कडा नीट कापलेल्या, मागे ना रस्ता ना भिंत. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेली, त्यामुळे असा बेवारस फोटो मला बघवत नाही. पाटी कुणीतरी, कशासाठी तरी, नेमक्या त्या जागी लावलेली असते. आपल्याला हसू का आलं आणि त्यांनी ती का लावली, या दोन्ही गोष्टी फोटोत यायला हव्यात.

म्हणून प्रत्येक पाटीचे दोन फोटो. एक जवळून, अक्षरं वाचता येतील असा. दुसरा मागे सरकून, आजूबाजूचं सगळं घेऊन. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरची ध्रुवीय अस्वलाची पाटी घ्या. लाल त्रिकोण, आत काळ्यावर पांढरं अस्वल, खाली ‘संपूर्ण स्वालबार्डला लागू’ अशा अर्थाची ओळ. जवळून ती नुसती गोड दिसते. मागे सरकलात की कळतं, लाँगयिअरबायन गावाची वस्ती इथे संपते आणि पुढे फक्त डोंगर आणि बर्फ. वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. गंमत त्या खालच्या ओळीत आहे आणि ती दुसऱ्या फोटोशिवाय उमगत नाही.

विचित्र काय हे ओळखायचं तर आधी नेहमीचं काय ते डोळ्यांत बसवून घ्या. व्हिएन्नात १९६८ साली रस्त्यावरच्या चिन्हांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यामुळे युरोपात धोक्याची पाटी बहुतेक ठिकाणी लाल कडेच्या त्रिकोणात दिसते. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तीच पिवळ्या, कोपऱ्यावर उभ्या चौकोनात असते. नव्या देशात पोचल्यावर पहिला दिवस मी काहीच टिपत नाही, नुसत्या साध्या पाट्या वाचत बसतो. गाडी बायको चालवते, त्यामुळे मला हे परवडतं. (तिच्या मते मी रस्ता सोडून सगळं वाचतो.)

मग प्राणी. ऑस्ट्रेलियात नलारबोर मैदानातून जाणाऱ्या रस्त्यावर उंट, वॉम्बॅट (पोटाला पिशवी असलेला तिथला गुबगुबीत प्राणी) आणि कांगारू अशी तिघांची एकत्र पाटी आहे. पाहुण्याला ती थट्टा वाटते. पण उंट तिथे एकोणिसाव्या शतकात मालवाहतुकीसाठी आणले होते. मोटारी आल्यावर ते मोकळे सोडले गेले, रानात वाढले, आणि आता ते खरोखर रस्त्यात येतात. विचित्र पाटीमागे बहुधा आधी काहीतरी घडलेलं असतं. ते काय, हे जवळपासच्या माणसाला विचारा. ‘ही पाटी का लावलीत?’ या प्रश्नाला जेवढी खुशीत उत्तरं मिळतात तेवढी दुसऱ्या कुठल्या प्रश्नाला मिळत नाहीत.

उत्तर हसण्यासारखं असेलच असं मात्र नाही. कॅलिफोर्नियात मेक्सिकोच्या सीमेजवळच्या महामार्गावर पूर्वी एक पिवळी पाटी होती: धावणारा पुरुष, त्याच्यामागे बाई, आणि तिच्या हाताला धरलेली, वेण्या उडणारी मुलगी. तिची चित्रं टी-शर्टांवरसुद्धा आली. पण तो रस्ता ओलांडताना माणसं गाडीखाली मरत होती म्हणून ती लावली होती. अशा पाटीचा फोटो जरूर ठेवावा, पण विनोदाच्या कप्प्यात नको.

सरकारी पाट्यांपेक्षा माझा जीव हाताने लिहिलेल्यांवर जास्त. त्यात माणूस ऐकू येतो. एका वस्तुसंग्रहालयाच्या दारावर मी तीन कागद एकाखाली एक चिकटवलेले पाहिले. पहिला छापील, ‘ढकला’. दुसरा पेनाने, ‘ओढू नका’. तिसरा जाड मार्करने, अक्षरं वर चढत गेलेली, ‘ढकला म्हटलं ना’. तिघांची अक्षरं वेगवेगळी. अशा ठिकाणी एकच कागद टिपू नका, सगळा थर घ्या. चिकटपट्टी किती जुनी आहे तेही दिसू द्या. आणि पाच मिनिटं बाजूला उभे राहा. लोक येतात, दार ओढतात. चूक पाटीची नसते, दाराच्या मुठीची असते, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

आता फोटोचं तंत्र, थोडक्यात. रात्री फ्लॅश बंद ठेवा. रस्त्यावरच्या पाट्यांना प्रकाश आला तिकडेच परत पाठवणारा लेप असतो, त्यामुळे फ्लॅश थेट तुमच्याकडे उलटतो आणि अक्षरांच्या जागी पांढरा गोळा येतो. एलईडीचे फलक डोळ्यांना अखंड दिसतात, पण खरं तर ते भराभर लुकलुकत असतात. फोटोत अर्धी अक्षरं गायब झाली तर शटरचा वेग कमी करा, एक-पन्नासांश सेकंदाच्या आसपास. धावत्या गाडीतून नेमकं उलटं: वेग वाढवा आणि फोन काचेला टेकवून धरा, म्हणजे काचेवरची धूळ आणि स्वतःचं प्रतिबिंब येणार नाही. हे काम शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं नाही. छावण्या, सीमाचौक्या, विमानतळावरची तपासणी इथली पाटी कितीही मजेशीर असली तरी फोन खिशात. ‘फोटो काढू नये’ या पाटीचा फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो.

दुसऱ्याकडून आलेला फोटो संग्रहात घेण्याआधी तपासा. संगणकावर हवी ती पाटी हवा तो मजकूर घालून बनवता येते. अक्षरांवर ऊन-पावसाची खूण आहे का, कडेचे स्क्रू दिसतात का, अक्षरांचं वळण त्या देशातल्या इतर पाट्यांशी जुळतं का, हे बघा. जागा ठाऊक असेल तर गूगल स्ट्रीट व्ह्यूवर तिथे जाऊन या. तेवढ्यानेही भागत नाही, कारण कधी पाटी खरी असते पण तिच्यावर कुणी हात फिरवलेला असतो. फ्लोरेन्समध्ये क्लेट अब्राहम हा कलावंत प्रवेशबंदीच्या पाट्यांवर स्टिकर लावतो, आणि मधली पांढरी पट्टी उचलून निघालेला माणूस दिसू लागतो.

याउलट, ज्यावर विश्वास बसत नाही ते खरं निघतं. स्कॉटलंडमध्ये डल नावाचं गाव आहे. अमेरिकेत ऑरेगनमध्ये बोरिंग आहे. इंग्रजीत दोन्हींचा अर्थ कंटाळवाणं. २०१२ साली दोघांनी जोडी जमवली आणि डलच्या वेशीवर तशी पाटीही लागली. वेल्समधल्या एका स्थानकाच्या नावात रोमन लिपीत मोजली तर ५८ अक्षरं आहेत. एवढं नाव एकोणिसाव्या शतकात लक्ष वेधून घेण्यासाठीच मुद्दाम लांबवलं होतं, म्हणजे ती पाटी तुमच्या फोटोसाठीच जन्माला आली असं समजायला हरकत नाही.

पाटी उचलून आणू नका, हे सांगावं लागतं याचंच मला नवल वाटतं, पण लागतं. अमेरिकेत ४२० हा आकडा गांजाचा मानतात. कोलोरॅडोतला ४२० मैलांचा दगड, म्हणजे पत्र्याचा फलकच, इतक्यांदा पळवला गेला की रस्ते खात्याने तिथे ४१९.९९ असं लिहिलं. हा खरा संग्रहात ठेवण्याजोगा फलक. ऑस्ट्रियातल्या एका खेड्याचं नाव इंग्रजीत शिवीसारखं वाचलं जाई. चोऱ्या आणि वेशीवर फोटोसाठी जमणारे पाहुणे यांना कंटाळून गावाने २०२१ पासून स्पेलिंगच बदललं, आता ते फुगिंग आहे.

शेवटी मांडणी. देशांनुसार लावलेला संग्रह लवकर कंटाळवाणा होतो. मी पाट्या लावतो त्या बोलणारा कोण यावरून: वैतागलेला, घाबरलेला, कायद्याच्या भीतीने सगळंच लिहून ठेवणारा, आणि मुद्दाम गंमत करणारा. या चौथ्यात हिमालयातल्या सीमा रस्ते संघटनेच्या पाट्या येतात, ‘आफ्टर व्हिस्की, ड्रायव्हिंग रिस्की’ वगैरे. अमेरिकेतले महामार्गावरचे विनोदी इलेक्ट्रॉनिक संदेशही यातच. पण तिथल्या केंद्रीय नियमावलीच्या २०२३ च्या आवृत्तीने असे संदेश टाळावेत असं सांगितलं आहे, कारण कोटी कळायला चालकाचा वेळ जातो. तेव्हा ते दिसतील तिथे टिपून घ्या. प्रत्येक फोटोखाली जागा, महिना-वर्ष आणि कुणी सांगितलं असेल तर ‘का’ एवढं त्याच दिवशी लिहा. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून जागेची माहिती बऱ्याचदा गळून जाते, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा.