दहावीची उजळणी: आपल्याला लागू पडणारी पद्धत कशी शोधावी

उजळणीविषयीचे बहुतेक सल्ले एखाद्या प्रश्नावलीपासून सुरू होतात. नकाशा पाहून रस्ता लवकर समजतो की कोणी तोंडी सांगितल्यावर, अशा धर्तीच्या दहा-पंधरा प्रश्नांची उत्तरे दिली की विद्यार्थ्यावर दृश्य, श्राव्य किंवा कृतिशील असा शिक्का बसतो. मग दृश्य ठरलेल्याने रंगीत पेने आणायची, श्राव्य ठरलेल्याने धडे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकायचे आणि कृतिशील ठरलेल्याने खोलीत येरझाऱ्या घालत वाचायचे. दहावीच्या मुलांची उजळणी मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे आणि या प्रश्नावलीतून कोणाचे गुण वाढल्याचे मला अद्याप दिसलेले नाही.

हे माझे एकट्याचे मत नाही. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी रूढ केलेली, शिकण्याची शैली ठरवणारी ‘वार्क’ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. परंतु हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली या विषयावरील उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकणे होते हा दावा सिद्ध करू शकेल असे संशोधन त्यांना फारसे आढळले नाही, आणि योग्य रीतीने केलेल्या काही प्रयोगांचे निष्कर्ष तर त्या दाव्याच्या विरोधात जाणारे होते. आवड खरी असते, हे मान्य. पण एखाद्याला ऐकायला आवडते म्हणून ऐकलेले त्याच्या अधिक लक्षात राहते असे होत नाही. शिवाय विज्ञानात नामनिर्देशित आकृती विचारली असेल, तर कानाने केलेली उजळणी तेथे काय कामाची? कोणती पद्धत लागू पडेल हे तीन गोष्टींवरून ठरते: विषय कोणता, प्रश्न कसा येतो आणि आपण नेमके कोठे चुकतो. त्या शोधायला प्रश्नावली लागत नाही, आपल्याच उत्तरांची तपासणी लागते.

जोडीची निवड

दोन पद्धतींची तुलना करण्यासाठी शाळेत शिकवून झालेले, साधारण सारख्या लांबीचे आणि सारख्याच अवघडपणाचे एकाच विषयातील दोन धडे घ्या. विज्ञान भाग 1 मधील ‘उष्णता’ आणि ‘प्रकाशाचे अपवर्तन’ ही जोडी चांगली जमते. ‘गुरुत्वाकर्षण’ आणि ‘अवकाश मोहिमा’ मात्र एकत्र घेऊ नयेत, कारण मुक्तिवेग दोन्हीकडे येतो आणि एका धड्याचा अभ्यास दुसऱ्यालाही हातभार लावतो. मग कोणत्या पद्धतीचा किती उपयोग झाला ते कळत नाही.

पहिल्या धड्याला तुमच्या नेहमीच्या आवडत्या पद्धतीने पाऊण तास द्या. दुसऱ्यालाही तेवढाच वेळ द्या, परंतु त्यातील पहिली वीस मिनिटेच वाचन करा आणि उरलेल्या वेळात पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर लिहा.

मिटलेले पुस्तक आणि कोरा कागद

येथेच सगळे घोडे अडते. ही पायरी मुलांकडून नीट करून घेणे मलाही बराच काळ जमत नव्हते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

पुस्तक मिटल्यानंतर पहिली चार वाक्ये भराभर उतरतात आणि मग लेखणी थांबते. विद्यार्थी अर्धे मिनिट खिडकीबाहेर पाहतो, हळूच पान उघडतो, हवा तो शब्द दिसताच ‘हे तर मला येतच होते’ असे म्हणतो आणि पुढे लिहू लागतो. त्याच्या मते उजळणी झाली. प्रत्यक्षात त्याने तो शब्द ओळखला, आठवला नाही. परीक्षागृहात ओळखण्यासाठी समोर काहीच नसते. धडा पुन्हा पुन्हा वाचल्याने जो आत्मविश्वास वाटतो, तो असाच ओळखीतून आलेला असतो, आणि हायलायटरने पिवळी केलेली पाने तर त्या ओळखीला आणखी खतपाणी घालतात. म्हणून पुस्तक शेजारी पालथे घालून चालणार नाही; ते दुसऱ्या खोलीत ठेवून या.

अडल्यानंतर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. जो मुद्दा आठवत नाही त्याच्यासाठी दोन ओळी कोऱ्या सोडा, पुढच्या मुद्द्यावर जा आणि शेवटी परत या. पुढचे लिहिताना मागचे आठवणे ही नेहमीची गोष्ट आहे. न आठवताही मिनिटभर आठवण्याचा प्रयत्न करणे हा वाया गेलेला वेळ नव्हे, कारण अशा प्रयत्नानंतर पुस्तकात पाहिलेले उत्तर सहज वाचलेल्या उत्तरापेक्षा पक्के बसते.

कागदावर धडा उतरवून काढायचा नाही. ‘उष्णता’ घेतली असेल, तर अप्रकट उष्म्याची व्याख्या आणि त्याची एकके, बर्फाचे पाणी व पाण्याची वाफ होताना काढायचा तापमान-काल आलेख, पुनर्हिमायन, पाण्याचे असंगत आचरण, दवबिंदू तापमान आणि विशिष्ट उष्माधारकतेचे सूत्र एवढ्यांचा सांगाडा पुरे. आलेख काढताना अक्षांना नावे द्या आणि तापमान जेथे स्थिर राहते ते दोन भाग दाखवा. सूत्र लिहिले की प्रत्येक अक्षर कशासाठी आहे तेही लिहा. सूत्र पाठ असूनही उदाहरण चुकणारी मुले बहुधा येथेच घसरतात.

आता तपासणी. वेगळ्या रंगाचे पेन घ्या आणि पुस्तक उघडून ओळ न ओळ पडताळा. जे लिहिलेच नव्हते त्याच्यापुढे फुली मारा, जे चुकीचे लिहिले त्याच्याभोवती गोल करा आणि जे मोघम लिहिले त्याखाली नागमोडी रेघ ओढा. फुली आणि गोल करायला कोणी कचरत नाही. नागमोडी रेघ मात्र स्वतःच्या उत्तराखाली ओढायला फार जिवावर येते, आणि गुण तर तेथेच जातात. ‘पाणी 4 अंशांना वेगळे वागते’ हे वाक्य वाचून विद्यार्थ्याला आपल्याला सगळे समजले आहे असे वाटते. परीक्षकाला मात्र हवे असते ते असे: 0 अंश सेल्सिअसपासून 4 अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास पाण्याचे आकारमान कमी होते आणि त्यानंतर ते वाढू लागते. आपले वाक्य शास्त्रीय कारणे लिहा या प्रश्नाचे उत्तर म्हणून जसेच्या तसे चालेल का, एवढेच विचारावे. उत्तर ‘बहुतेक चालेल’ असे येत असेल, तर रेघ ओढावी.

पालकांना एक विनंती आहे आणि ती थोडी कडक शब्दांत करतो. मुलासमोर पुस्तक धरून प्रश्न विचारणे चांगलेच. परंतु तो अडखळताच पहिले अक्षर सुचवू नका. ‘पुन... पुनर्हि...’ असे म्हटल्यावर उरलेला शब्द कोणालाही पूर्ण करता येतो आणि त्या उत्तराला बरोबरची खूण दिली की सगळी तपासणी निरर्थक होते. गप्प बसणे जमत नसेल तर शेजारी बसू नका. तसेच पहिला कागद अर्धा कोरा दिसला म्हणून घाबरून मुलाला पुन्हा वाचायला बसवू नका. पहिला कागद असाच दिसतो, हुशार मुलांचाही.

आठवडाभर थांबणे

दोन्ही धडे त्यानंतर आठ दिवस उघडू नयेत. हे थांबणे अनेकांना खटकते, म्हणून त्याचे कारण सांगतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणाऱ्यांनी 81 टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांनी 75 टक्के मजकूर सांगितला. आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणाऱ्यांकडे 42 टक्के उरला होता आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे 56 टक्के. त्याच रात्री चाचणी घेतली तर वाचनच सरस ठरते, आणि ‘मला वाचूनच लक्षात राहते’ हा समज अशाच घाईच्या चाचणीतून पक्का होतो.

आठ दिवसांनी जुन्या प्रश्नपत्रिकांतून दोन्ही धड्यांवरचे प्रत्येकी दहा गुणांचे प्रश्न निवडून, घड्याळ लावून सोडवा. शक्य असल्यास तपासायला शिक्षकांना द्या. एका जोडीवरून निकाल देऊ नका, कारण एखादा धडा मुळातच सोपा गेलेला असू शकतो; दुसरी जोडी घेऊन पुन्हा करून पाहा.

चुकांवरून पद्धत ठरवणे

आता तपासलेले कागद समोर ठेवा आणि फुल्या, गोल व नागमोडी रेघा यांपैकी कशाची संख्या जास्त आहे ते पाहा. फुल्या जास्त असतील तर अडचण स्मरणाची आहे. त्या धड्याचे कागद अधिक वेळा आणि अंतर ठेवून लिहावे लागतील. गोल जास्त असतील तर मूळ समजुतीतच घोटाळा आहे. अशा वेळी आणखी लिहिण्याने तो घोटाळाच पाठ होईल. आधी शिक्षकांकडून ती संकल्पना पुन्हा समजून घ्यावी. नागमोडी रेघांवर उपाय एकच: पूर्ण वाक्यांत उत्तरे लिहिणे आणि ती तपासून घेणे.

विषयानुसार यात फरक पडतो. भूमितीत मूलभूत प्रमाणाचे प्रमेय वाचून काहीही साधत नाही. आकृती, पक्ष, साध्य आणि रचना एवढे लिहून सिद्धतेच्या पायऱ्यांपुढील कारणे झाकावीत आणि ती स्वतः द्यावीत. महत्त्वमापनाची उदाहरणे प्रकरणातील क्रमाने सोडवू नयेत. शंकूची दहा उदाहरणे ओळीने सोडवताना सूत्र कोणते हा प्रश्नच पडत नाही आणि परीक्षेत पहिला प्रश्न तोच असतो. म्हणून वृत्तचिती, शंकू, गोल आणि शंकूछेद यांची उदाहरणे मिसळून घ्यावीत. तसे करताना वेग कमी होतो आणि चुका वाढतात, त्यामुळे मुले कुरकुर करतात. करू द्यावी.

भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना असल्यामुळे दोन रकान्यांचा कोरा तक्ता सर्वांत उपयोगी पडतो. एका बाजूला विषुववृत्त आणि मकरवृत्त ज्या देशातून जातात तो ब्राझील, दुसऱ्या बाजूला कर्कवृत्त ज्यातून जाते तो भारत, एवढे लिहिले की हवामान, वनस्पती आणि शेती यांतील फरकांची कारणे आपोआप मागोमाग येऊ लागतात. नकाशाचे आराखडे मात्र पाहून नव्हे, आठवूनच भरावेत. इतिहासात कालक्रमाची पट्टी काढावी आणि संकल्पनाचित्र डोळ्यांसमोर नसताना पूर्ण करावे.

भाषांच्या कृतिपत्रिकांना ही सगळी पद्धत पूर्णपणे लागू होत नाही. न पाहिलेला उतारा पाठ करता येत नाही. तेथे आणि उपयोजित लेखनात पूर्ण कृतिपत्रिका तीन तास लावून सोडवण्याला पर्याय नाही.

आवडीला जागा कोठे

आवडीनिवडी पूर्णपणे बाजूला ठेवा असे माझे म्हणणे नाही. मोठ्याने बोलून आठवणाऱ्याने बोलावे. भिंतीला, आजीला किंवा धाकट्या भावाला धडा समजावून सांगणे हेसुद्धा मिटलेल्या पुस्तकाचेच काम आहे. फक्त बोलताना ‘म्हणजे ते असं असतं ना’ एवढ्यावर भागते आणि लिहिताना भागत नाही, म्हणून त्याच धड्याचा एखादा कागद तरी लिहून तपासावा. चित्रांत रमणाऱ्याने आकृत्यांपासून सुरुवात करावी. पहाटे की रात्री, एकट्याने की मैत्रिणीबरोबर, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र बहुतेक पेपर सकाळी अकराला सुरू होतात, तेव्हा रात्री जागून अभ्यास करणाऱ्यांनी शेवटच्या महिन्यात काही सराव प्रश्नपत्रिका त्याच वेळेला सोडवाव्यात.

वेळापत्रकाविषयी थोडक्यात: एका धड्याचा पहिला कागद लिहिल्यावर दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने आणि चौथा तीन आठवड्यांनी. तारखा पहिल्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून टाकाव्यात. प्रत्येक वेळी आधी लिहावे, मग पुस्तक उघडावे. हा क्रम उलटला की पुन्हा केवळ वाचन सुरू होते. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका परत मिळाल्या की त्यांवरही फुल्या, गोल आणि नागमोडी रेघा करून त्या धड्यांच्या कागदांना जोडाव्यात, आणि पेपरच्या आदल्या दिवशी संपूर्ण पुस्तक न चाळता रंगीत पेनाच्या या खुणा असलेले मुद्देच पुन्हा लिहून पाहावेत.